साथ करणारी पेटी, घडवणारी पेटी

अंबरनाथच्या एका शाळेतल्या बाईंनी आम्हाला एक प्रश्न विचारला. स्नेहसंमेलनासाठी माजी विद्यार्थ्यांनी शाळेला काही रक्कम दिली होती आणि तिच्यातून एक 'कॅसिओ' घ्यायचे ठरले होते. आपल्याकडे कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड हा 'कॅसिओ'च असतो. दुकानदार म्हणत होता, अरेंजर घ्या. क्लास चालवणारे सर म्हणत होते, घ्यायचे तर वर्कस्टेशन सिंथेसायझरच घ्या, अरेंजर म्हणजे खेळणे. "तुम्ही विज्ञानातले लोक, तुम्हीच सांगा," असे बाईंचे म्हणणे.

प्रथम आम्हाला वाटले की हा प्रश्न संगीतशिक्षकांचा आहे, आपला नव्हे. पण थोडा विचार केल्यावर लक्षात आले, की या दोन पेट्यांतला फरक आवाजाच्या गोडीचा नाही. गाण्यातले निर्णय कोण घेतो, पेटी की वाजवणारा, असा तो फरक आहे. आणि मुलाने स्वतः निर्णय घ्यावा की तयार उत्तर उचलावे, हा तर शिक्षकाचा रोजचाच प्रश्न आहे. म्हणून या दोन पेट्यांची थोडी परीक्षा करायचे आम्ही ठरवले.

दोन पेट्या, दोन रीती

अरेंजर कीबोर्ड म्हणजे साथ करणारी पेटी. तिच्या स्मरणात शेकडो 'स्टाइल्स' साठवलेल्या असतात. एका स्टाइलमध्ये ढोल-तबल्याचा ठेका, खर्जातले बास, गिटारचे झंकार, व्हायोलिनचे पूरक स्वर असे सारे असते. शिवाय सुरुवातीचा तुकडा, मधली भरणी आणि शेवट. वाजवणारा डाव्या हाताने दोन-तीन पट्ट्या दाबतो. आतला प्रक्रियक त्या कोणत्या कॉर्डच्या आहेत हे ओळखतो आणि मूळ एका कॉर्डमध्ये नोंदवलेली साथ नियमांनुसार हलवून त्या कॉर्डवर नेतो. उजव्या हाताने फक्त चाल वाजवायची. एका माणसाचा वाद्यवृंद होतो.

वर्कस्टेशन सिंथेसायझर म्हणजे घडवणारी पेटी. तिच्यातही आवाज भरपूर असतात, पण साथ तयार नसते. वाजवणारा आधी ठेका भरतो, तो ऐकत बास भरतो, त्यावर तिसरा थर, चौथा थर. चुकले तर तेवढीच जागा दुरुस्त करतो. आवाज, नोंदणी आणि संस्करण एकाच खोक्यात आल्यामुळे तिला हे नाव पडले. १९८८ साली आलेली कोर्ग कंपनीची 'एम १' ही या प्रकारातली गाजलेली पेटी. तिच्यात आवाजांच्या नमुन्यांसाठी अवघी ४ मेगाबाइट स्मृती होती आणि आठ पदरांची नोंदणी करता येत असे.

दोन्ही पेट्या मिडी या एकाच संकेतभाषेत बोलतात. १९८३ साली ही भाषा वापरात आली. पट्टी दाबली की तीन बाइटचा निरोप जातो : कोणत्या मार्गावर, कोणती पट्टी, किती जोराने. सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने असा एक निरोप जायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. म्हणजे यंत्र म्हणून या पेट्या सख्ख्या बहिणी आहेत. १९९३ साली कोर्गच्याच 'आय ३' मध्ये दोन्ही रीती एकत्र आल्याही होत्या. तेव्हा 'अरेंजर म्हणजे खेळणे' हा शेरा यंत्राकडे पाहून मारलेला नाही. तो प्रतिष्ठेचा शेरा आहे.

तीन स्थानके

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन स्थानके ओळीने येतात. या तिन्ही ठिकाणी आम्ही कीबोर्ड कसा वापरला जातो ते पाहिले.

उल्हासनगर हे फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधवांच्या छावणीतून उभे राहिलेले शहर. १९४९ साली त्याला हे नाव मिळाले. परक्या वस्तूचे आतले पाहून तशी वस्तू इथेच बनवणारे गाव, अशी त्याची ख्याती आहे आणि तिची थट्टाही पुष्कळ होते. आम्हाला मात्र ती थट्टा पुरेशी वाटत नाही. वस्तू उघडून पाहणे हा विज्ञानाचा पहिला धडा आहे. इथल्या एका दुरुस्तीच्या दुकानात आम्ही उघडा कीबोर्ड पाहिला. प्रत्येक पट्टीखाली रबराच्या दोन बारीक टोप्या होत्या. पट्टी दाबताना एक टोपी आधी टेकते, दुसरी किंचित नंतर. त्या दोन टेकण्यांमधला काळ यंत्र मोजते. काळ कमी म्हणजे पट्टी वेगाने दाबली, म्हणजे आवाज मोठा. 'टच रिस्पॉन्स' नावाची जी गोष्ट जाहिरातीत जादूसारखी सांगितली जाते, ती म्हणजे शाळेच्या पुस्तकातला 'वेग म्हणजे अंतर भागिले काळ'. दुकानदार त्या टोप्यांवरची धूळ स्पिरिटने पुसत होता. याच दुकानात पेन ड्राइव्हवरून ढोलकीचे, सनईचे, बेंजोचे टोनही भरून मिळतात.

अंबरनाथमध्ये इमारतींच्या तळमजल्यावर कीबोर्डचे क्लास आहेत. तिथे सातवीतल्या एका मुलीने आम्हाला एक सिनेगीत साथीसह वाजवून दाखवले. बोटे छान चालत होती. नंतर आम्ही तिला साथ बंद करून तेच गाणे टाळी देत म्हणायला सांगितले. ती दोन ओळींनंतर थांबली. सम कुठे आहे हे तिला सापडेना. इतके दिवस ती पेटीलाच माहीत होती. मुलगी हुशार आहे. तिला कोणी कधी हा प्रश्न विचारलाच नव्हता.

बदलापूरच्या आसपास आगरी आणि कुणबी वस्तीची गावे आहेत. तिथल्या एका हळदीला आम्ही गेलो. बेंजो, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि एक कीबोर्ड असा ताफा होता. कीबोर्ड अरेंजरच होता, पण वाजवणाऱ्याने स्टाइलचे बटण एकदाही दाबले नाही. "दादा, यात इतके ठेके आहेत, ते का नाही वापरत?" असे विचारल्यावर तो हसून म्हणाला, "त्यातला ठेका आमच्याबरोबर धावत नाय." खरेच, हळदीची लय रात्र चढेल तशी चढत जाते, नाचणारे ढोलकीला ओढतात आणि ढोलकी त्यांना. पेटीतला ठेका मिनिटाला १२० मात्रांवर लावला की पहाटेपर्यंत १२०च राहतो. या माणसाने यंत्राची मर्यादा ओळखली होती आणि तेवढा भाग माणसाकडे ठेवला होता.

आमच्या मते या तिघांपैकी कीबोर्डचा सर्वांत जाणता वापर हळदीतला होता. आणि सर्वांत अजाण वापर, सांगायला वाईट वाटते, शिकवण्याच्या जागी होता.

साथीचे दोष

आता अरेंजरवरचे आक्षेप नीट मांडू. पहिला आक्षेप असा, की त्यातल्या आवडीनिवडी दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या संगीतासाठी ठरवलेल्या आहेत. १९९१ साली 'जनरल मिडी' नावाची प्रमाण यादी ठरली. तीत १२८ वाद्ये आहेत. १०५ वा क्रमांक सतारीला आणि ११२ वा सनईला मिळाला. तबला, ढोलकी, मृदंग यांना एकही नाही. पुढे कंपन्यांनी खास भारतासाठी कीबोर्ड काढले. यामाहाच्या 'पीएसआर-आय' मालिकेत किंवा कॅसिओच्या शेवटी 'आयएन' अक्षरे असलेल्या कीबोर्डांत तबला, तानपुरा, भारतीय ठेके मिळतात. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली 'घें'ची मींड ही सलग बदलणारी गोष्ट आहे. पट्टीचा क्रमांक आणि जोर या दोन आकड्यांत ती मावत नाही. शिवाय साथीचा सगळा हिशेब कॉर्डवर बेतलेला आहे. एका षड्जाभोवती फिरणारा अभंग वाजवतानाही पेटी डाव्या हाताकडे कॉर्ड मागतच राहते.

दुसरा आक्षेप स्वरांचा आहे, आणि तो दोन्ही पेट्यांना सारखाच लागू पडतो. कीबोर्डमध्ये सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. प्रत्येक पट्टीची कंप्रता आधीच्या पट्टीच्या सुमारे १.०५९५ पट. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग मानले, तर एका भागाला सेंट म्हणतात. तानपुऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार षड्जाच्या ५/४ पट, म्हणजे ३८६ सेंटवर असतो. कीबोर्डचा गंधार ४०० सेंटवर. हा वाद आपल्याला नवा नाही. १९४० साली आकाशवाणीवर पेटीला जी बंदी झाली, तिच्यामागे हे एक कारण होते. १९७१ पासून ती हळूहळू सैल झाली. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची संवादिनी तयार केली, तीही याच प्रश्नाला दिलेले उत्तर आहे.

वर्गात हे सहज ऐकवता येते. कीबोर्डवर ऑर्गनचा साधा, कंपन नसलेला टोन लावा. घुमारा वगैरे बंद करा. मधल्या सप्तकातली पांढरी एक (२६१.६ हर्ट्‌झ) आणि तिचा गंधार (३२९.६ हर्ट्‌झ) एकत्र दाबून धरा. षड्जाचा पाचवा उपस्वर १३०८ वर आणि गंधाराचा चौथा उपस्वर १३१८ च्या जरा वर येतो. दोघांतला फरक सुमारे १०. म्हणून सेकंदाला दहाएक वेळा थरथर ऐकू येते. आता षड्ज आणि पंचम धरा. इथे फरक एकापेक्षाही थोडा कमी. आवाज संथपणे झुलतो. मुलांना कान लावून मोजू द्या.

आता गंमत अशी, की हा दोष दुरुस्त करण्याची सोय बऱ्याच मध्यम किमतीच्या अरेंजरमध्ये असते. तिला 'स्केल ट्यूनिंग' म्हणतात. अरबी आणि तुर्की संगीताला पाव स्वर लागतात, त्यामुळे कंपन्यांना ती द्यावी लागली. गंधार १४ सेंट उतरवा, थरथर जवळजवळ थांबते. मग तसाच ठेवून धैवताला षड्ज मानून वाजवा; मघाचा गंधार आता पंचम होतो आणि तो चांगलाच बेसूर लागतो. समान भागांची विभागणी ही चूक नसून तडजोड आहे, हे मुलांना व्याख्यानाशिवाय कळते. आक्षेप घ्यायचाच तर तो या गोष्टीवर घ्यावा, की हे बटण पेटीत असूनही आम्ही पाहिलेल्या एकाही क्लासमध्ये ते कुणी वापरत नव्हते.

कार्यशाळेचे भवितव्य

मग क्लासच्या सरांचे बरोबर आहे काय? वर्कस्टेशनची रीत शिक्षणाला जवळची आहे यात शंका नाही. ठेका आधी स्वतः भरायचा म्हणजे मात्रा मोजाव्याच लागतात. बासचा थर भरताना कोणता स्वर का, हे ठरवावेच लागते. एखादा थर बंद करून बाकीचे ऐकता येतात. वजाबाकी करून गाणे समजून घेण्याचा याहून चांगला मार्ग आम्हाला माहीत नाही.

पण पेटी म्हणून वर्कस्टेशनचे दिवस उताराला लागलेले दिसतात. जे काम ती करत होती ते संगणकाने आणि आता भ्रमणध्वनीनेही उचलले आहे. यामाहाच्या 'मोटिफ' मालिकेत सविस्तर नोंदणी आणि दुरुस्तीची सोय होती. २०१६ साली तिच्या जागी आलेल्या 'मोंटाज'मध्ये तो भाग छाटलेला होता, कारण ते काम लोक संगणकावर करू लागले होते. शाळेच्या संगणक कक्षातल्या जुन्या यंत्रावरही मोफत आज्ञावली टाकून थरावर थर नोंदवता येतात. मग त्यासाठी लाखाच्या घरातली पेटी शाळेने का घ्यावी? अशी पेटी बहुधा कपाटात कुलूपबंद होते. "मुलं हात लावतील" ही भीती किमतीबरोबर वाढते.

अरेंजरचे उलट आहे. यामाहाने २०१७ साली 'जेनोस' आणि २०२३ साली 'जेनोस २' हे महागडे अरेंजर बाजारात आणले. म्हणजे मोठ्या कंपन्यांनाही या पेटीला भवितव्य आहे असे वाटते. आपल्या तीन गावांतले कारण मात्र अगदी साधे आहे : सत्संग असो, साखरपुडा असो की शाळेचे संमेलन, बोलावणाऱ्याला बहुधा एकाच वादकाचे मानधन परवडते. म्हणून अरेंजर टिकेल. आणि म्हणूनच तो कसा वापरला जातो याची काळजी अधिक. चार वादकांचे काम एका बटणावर आले की एका ढोलकीवाल्याची बिदागी जाते, एवढ्यावर हे थांबत नाही. त्याच्याकडे बसून ठेका शिकणारे पुढचे पोरही जाते. पेटीतला ठेका कुणाला शिकवत नाही.

तयार ठेक्यातून नवे निघते काय?

इथे कोणी म्हणेल, तयार साथ ही मुळातच मारक आहे, तेव्हा ती शाळेत नकोच. हे मात्र आम्हाला मान्य नाही. दोन उदाहरणे पाहा.

रोलँड कंपनीने १९८०च्या दशकाच्या आरंभी 'टीबी-३०३' नावाची छोटी पेटी काढली. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी, एवढाच तिचा हेतू. त्या कामात ती फसली आणि १९८४ साली बंदही झाली. पण १९८२ सालीच हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे मुंबईचे वादक चरणजित सिंह यांनी ही पेटी, 'टीआर-८०८' हे तालयंत्र आणि 'ज्युपिटर-८' हा सिंथेसायझर एकत्र जोडून दहा राग ध्वनिमुद्रित केले. तेव्हा त्या तबकडीकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. पुढे १९८७ च्या सुमारास शिकागोच्या तरुणांनी तीच पेटी वापरून नृत्यसंगीताचा एक नवा प्रकार आणला, आणि २०१० साली सिंह यांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जाणकार चकित झाले.

दुसरे उदाहरण कॅसिओचेच. १९८१ च्या 'एमटी-४०' या छोट्या कीबोर्डमध्ये एक 'रॉक' ठेका होता. तो ओकुदा हिरोको या तरुण जपानी कर्मचारी बाईंनी रचलेला होता. १९८५ साली जमैकात तोच ठेका संथ करून त्यावर एक गाणे बसवले गेले आणि तिथल्या लोकसंगीताची दिशाच बदलली.

दोन्ही ठिकाणी तयार साथच वापरली होती. पण ती जशीच्या तशी स्वीकारलेली नव्हती. कुणी तिची लय बदलली, कुणी तिच्यात भैरव वाजवला. हळदीतल्या दादानेही तेच केले, फक्त उलट बाजूने : त्याने ठेका काढून टाकला. पेटी अरेंजर आहे की वर्कस्टेशन हे तिच्यावर छापलेल्या नावाने ठरत नाही. वाजवणारा तिच्यात ढवळाढवळ करतो की नाही, यावर ते ठरते.

बाईंना दिलेले उत्तर

म्हणून आम्ही बाईंना सांगितले : अरेंजर घ्या, पण तो वर्कस्टेशनसारखा वापरा. घेताना आवाजांची संख्या पाहू नका. आठशे टोनपैकी सातशे कुणी ऐकतही नाही. पाच गोष्टी विचारा. पट्ट्यांना टच रिस्पॉन्स आहे का? स्केल ट्यूनिंग आहे का? स्वतःचा ठेका रचून साठवता येतो का? वेगवेगळे थर नोंदवता येतात का? संगणकाला जोडता येतो का? या पाचांपैकी चारांना 'हो' असे उत्तर आले, तर पेटी शाळेच्या कामाची आहे.

आणि एक नियम करा. पहिले सहा महिने साथीचे बटण मुलांनी दाबायचे नाही. ठेका बाकावर हाताने धरायचा. वर्गात एखाद्याच्या घरी ढोलकी किंवा पखवाज असेल, तर तो मुलगा त्या दिवशीचा शिक्षक. त्यानंतर दादरा सहा मात्रांचा का वाटतो, रूपकाच्या सात मात्रा पेटीत कशा बसवायच्या, हे मुलांनी स्वतः भरून पाहायचे. साथीचे बटण सर्वांत शेवटी. तेव्हा मुलांना त्या बटणामागे काय काय दडले आहे ते ऐकू येईल आणि पेटीची चूकही दाखवता येईल.

बाईंनी हे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "म्हणजे आधी ढोलकी घ्यावी लागणार." आम्ही म्हटले, शिलकीत बसत असेल तर अवश्य घ्या. अंबरनाथच्या त्या सातवीतल्या मुलीला सम सापडायची आहे, आणि ती शोधायला वीजही लागत नाही.